मास्तरच्या नावाची झडती

परवा माझ्या मुलानं त्याच्या फोनवर मला एक गाणं ऐकवलं. गाणं कसलं, दोन-चार माणसं एका खोलीत भांडी आपटत होती आणि त्यातला एक गळा फाटेस्तोवर ओरडत होता. मुलगा मोठ्या कौतुकानं म्हणाला, आई, याला पंक म्हणतात, यात सूर-बिर काही नसतो, नुसता राग असतो, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या आजी-आजोबांनी हे आमच्यासाठी घरी केलं होतं, तेलाच्या पिप्यावर, आणि तेही एका माणसाचं उट्टं काढायला. तो हसला. त्याला वाटलं मी थापा मारतेय. म्हणून हे लिहायला बसले.

ज्या माणसाचं उट्टं काढलं त्याचं नाव मी लिहिणार नाही. दया म्हणून नव्हे. त्याचं नाव माझ्या हातून छापलं जावं एवढी त्याची लायकी नाही. गावाचंही नाव राहू द्या. गडचांदूर सोडून कोरपन्याच्या रस्त्याला लागलं की तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, कापसाच्या शेतांमधून सिमेंटच्या कारखान्यांच्या चिमण्या वर यायला लागल्या होत्या. त्यातल्याच एका चिमणीखाली आमचं घर होतं. बाबा चुनखडीच्या खाणीवर कामाला. माय कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधल्या चादरी धुवायची. रस्त्याच्या एका बाजूला साहेबलोकांची कॉलनी, दुसऱ्या बाजूला आमची वस्ती, आणि शाळा कॉलनीत. कामगारांची पोरंही त्या शाळेत घेत, याचा शाळेला फार अभिमान होता.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातलं डफडं त्यांनी स्वतःच्या हातानं फोडलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मयतीत, दुसऱ्याच्या दारात उभं राहून वाजवलं, आता बस, असं ते म्हणाले होते. त्यानंतर आमच्या घरात डफडं आलं नाही. पण बाबांच्या बोटांना कुणी दीक्षा दिली नव्हती. ती स्वस्थ बसत नसत. जेवताना ताटाच्या काठावर, सायकलच्या सीटवर, माझ्या पाठीवर, कुठंही ताल धरायची. जयंतीच्या गायन पार्टीत ते ढोलक वाजवायचे, पण ते वर्षातून एकदा. बाकी वर्षभर तेलाचा रिकामा पिपा.

कॅसेट मायनं आणली. गेस्ट हाऊसमध्ये मशिनी बसवायला आलेला एक गोरा इंजिनीयर राहून गेला, त्याच्या खोलीतल्या कचऱ्यात ती सापडली. चौकीदार म्हणाला फेकून दे. मायनं पदरात बांधली. बाबांनी पहिल्या बोनसमधून टेप घेतला होता, त्यात ती घातली आणि आमच्या घरात जे सुरू झालं ते ऐकून शेजारची म्हातारी धावत आली, तिला वाटलं मारामारी झाली. एकही शब्द कळत नव्हता. पण तो ओरडणारा माणूस कुणावर तरी जाम चिडलेला आहे आणि मागे वाजवणारे सगळे त्याच्या बाजूचे आहेत, एवढं कळत होतं. बाबा कान देऊन ऐकत बसले. मग म्हणाले, "हे तं झडती म्हणून राह्यले बे."

आमच्याकडचे नसाल तर झडती म्हणजे काय ते सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल तोरणाखाली ओळीनं उभे करतात. मग एकेक जण पुढे येतो आणि चार ओळींचं यमक ओरडून म्हणतो. वर्षभराची सगळी मळमळ त्यात निघते. कुणाच्या मापात खोट आहे, कुणाच्या बैलाच्या बरगड्या दिसतात, कुठला पुढारी मतं मागून गेला तो परत फिरकला नाही. ज्याच्या नावाची झडती झाली त्यानं रागवायचं नाही. हसायचं, गूळ खायचा आणि जमलं तर उलटी झडती टाकायची. शेवटी देवाचं नाव घेतात आणि सगळा गाव हर हर म्हणतो. आमचे बाबा झडतीत पटाईत, पण ते देवाचं नाव घेत नसत. त्या जागी ते पिप्यावर कडकड हाणायचे आणि गप्प बसायचे. आमच्या घरच्या झडतीचा शेवट असा पिप्यानं व्हायचा.

कॅसेट आल्यावर आमचे रविवार बदलले. दुपारी जेवणं झाली की बाबा पिपा घ्यायचे, माय परात आणि उलथणं घ्यायची, धाकट्या भावाला दोन झाकणं, आणि मी ओरडायला. गाणी बाबा आणि माय आमच्यासाठी तिथल्या तिथं करायचे. नियम एकच, ज्याचा राग येतो त्याच्यावर गाणं करायचं. बाबांना कारखान्याच्या भोंग्याचा राग यायचा, त्यावर गाणं झालं:

भोंगा वाजला, बाप गेला,
भोंगा वाजला, बाप आला,
भोंग्या, तुहा गळा फुटो,
माहा बाप घरी सुटो.

भाऊ तेव्हा पाचेक वर्षांचा असेल. त्याला जगात एकाच गोष्टीचा राग होता.

पानी थंडं, मी नाई,
साबन डोऱ्यात, मी नाई,
माय मारते, तरी नाई,
नाई म्हणजे नाई नाई.

हे तो इतक्या त्वेषानं म्हणायचा की मायला त्याला आंघोळीला नेताना हसू आवरायचं नाही. आणि मायचं स्वतःचं गाणं असं होतं:

साहेब निजते पांढऱ्यावर,
डाग कोनाचा माह्या माथ्यावर,
धुवा धुवा, पिळा पिळा,
साहेबाले गुंडाळून वाळू घाला.

हे म्हणताना ती परातीला असं बडवायची की परातीला पोचे आले. कणीक मळताना ती परात डुगडुगायची. तिला त्याचं काही वाटत नसे. मुख्य आवाज माझा होता. माझा आवाज मोठा, जाडा आणि थोडा फाटका होता. बाबा म्हणायचे, या पोरीले कर्णा लागत नाई. माय धुणं धुवायच्या दगडावरून हाक मारायची आणि मी जिथं असेन तिथून "ओ" द्यायची, मग ते नाल्यापलीकडचं बोरीचं झाड का असेना. त्या "ओ"वर तिचा सगळा भरवसा होता. भाऊ माझ्या कडेवर असायचा, आणि मी "ओ" दिली की ती पुन्हा धुण्याकडे वळायची.

आता मास्तरांकडे येते. गायनाचे मास्तर नवीनच आले होते, पुण्याकडचे. गळा गोड होता, हे मी आजही नाकारत नाही. पेटीवर मखमलीचं झाकण घालायचे आणि ते काढण्याआधी हात धुवायचे. पंधरा ऑगस्टच्या समूहगीतासाठी त्यांनी आमचा वर्ग उभा केला. त्यांची एक रीत होती. सगळी मुलं गात असताना ते ओळीतून हळूहळू चालायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचे. माझ्याजवळ आले आणि थांबले. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मला एकटीला गायला लावलं. मी गायले, पूर्ण छाती भरून, कारण मला वाटलं माझा आवाज त्यांना आवडला.

"पुरे," ते म्हणाले. "तुझ्या घरी सगळे असेच बोंबलतात का गं?"

वर्ग हसला. कॉलनीतली पोरं हसली, आमच्या वस्तीतलीही हसली. ते माझ्या जिवाला जास्त लागलं. मग मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "तू उंचीनं बरी दिसतेस, मागच्या ओळीत राहा. फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस."

पंधरा ऑगस्टला मी ओठ हलवले. माय अर्धा दिवस सुट्टी घेऊन मला बघायला आली होती. एवढ्या मुलांत तिला वाटलं तिला माझाच आवाज ऐकू येतोय. नंतर विहिरीवर ती बायांना सांगत होती, माही पोरगी कशी गायली म्हणून. मी शेजारी उभी राहून ते ऐकलं. मास्तरनं केलेल्या सगळ्यात ते मला आजही सर्वांत जास्त झोंबतं.

त्यानंतर माझा आवाज गेला. आजारी नव्हते मी. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायचे ते शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. घरी रविवारी पिपा वाजायचा, मी नुसती टाळ्या वाजवायची. बाबांना वाटलं पोरगी मोठी होतेय, लाजतेय. मग एके दुपारी मायनं दगडावरून हाक मारली आणि "ओ" आली नाही. तिनं पुन्हा मारली. नाल्याला पावसाचं पाणी होतं आणि भाऊ माझ्याजवळ होता. माय हातातली चादर तशीच टाकून धावत सुटली, वहाणा न घालता, काट्यांतून. आम्ही दोघं बोरीखाली सुखरूप बसलो होतो. मी तिची हाक ऐकली होती, तोंडही उघडलं होतं, आवाज काढला नव्हता. तिनं आधी मला एक थोबाडीत दिली. मग माझा चेहरा बघून ती खाली बसली आणि मला बोलतं केलं. मी सगळं सांगितलं, बोंबलतात पासून ओठ हलव पर्यंत.

मायला मी रागावलेलं खूपदा पाहिलं होतं. त्या दिवशी ती रागावली नाही. ती उठली, चादर शोधली, पुन्हा धुतली, पिळली, वाळत घातली. संध्याकाळी बाबा आले तेव्हा तिनं त्यांना भाकर वाढली आणि ती खाऊन झाल्यावर सांगितलं. बाबा ताडकन उठले. हेडमास्तरकडे जातो म्हणाले.

"नोका जाऊ," माय म्हणाली. "त्यानं चारचौघात म्हटलं, आपुनबी चारचौघात म्हणू. पोळा आला तोंडावर."

"आपला बैल कुठी हाय?"

"तान्ह्या पोळ्यात म्हणू. लाकडाचा बैल कोनाबी नेते."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा. पोरं लाकडाचे बैल सजवून नेतात, राजा-बिजा बनून जातात, पाठ केलेल्या गोड गोड झडत्या म्हणतात, खाऊ मिळतो. कॉलनीच्या मैदानावर तो मोठा व्हायचा आणि त्या वर्षी बक्षिसं द्यायला गायनाचे मास्तर होते. हे मायला विहिरीवर कळलं होतं.

 बाबा म्हणाले, "माह्या बापानं डफडं फोडलं ते काऊन? दुसऱ्याच्या दारात वाजवाचं नाई म्हणून. अन मी कॉलनीत जाऊन पिपा वाजवू?"

"साहेबासाठी वाजवाचं नाई, असं म्हणत होते मामाजी," माय सासऱ्यांचा हवाला देत म्हणाली. "साहेबावर वाजवाले कोनं मना केलं?"

बाबा हसले आणि त्यांनी पिपा ओढला. झडती दोघांनी मिळून केली. एक ओळ बाबांची, एक मायची, मध्ये शब्दावरून भांडण, पुन्हा पहिल्यापासून. मास्तरला गाढव म्हणायचं की नाही यावर फार वेळ गेला. माय म्हणाली गाढव बिचारं ओझं वाहते, त्याले काऊन बदनाम करता. शेवटी उंदीर ठरला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. माझ्या आईबापानं माझ्यासाठी एका माणसाची चामडी सोलायला घेतली होती आणि मला ते बघताना इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. लोक म्हणतात, सूड घेऊन मन शांत होत नाही. असं म्हणणाऱ्यांना कधी कुणी मागच्या ओळीत उभं केलेलं नसतं.

एक चूक मात्र झाली आणि ती सगळ्यांनी मिळून केली. झडती तयार झाली, पिपा-परातीची जोडी जमली, भावाची झाकणं वेळेवर पडायला लागली, पण ज्या आवाजावर हे सगळं बेतलं होतं तो अजून आलाच नव्हता. तालमीत मी पुटपुटायची. बाबा मायकडे बघायचे. माय म्हणायची, "तिथी गेल्यावर येईन. पोळ्यात तं मुकाबी बोलते." आमच्याकडे झडतीवर लोकांचा असा विश्वास असतो.

तान्ह्या पोळ्याला आम्ही निघालो. बाबांनी मशिनीच्या खोक्याच्या फळीतून बैल केला होता, त्याचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा मोठं होतं. मैदानावर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली रंगवलेले, चाकांचे, घुंगरांचे बैल, जरीचे फेटे बांधलेली पोरं. एका बाजूला खुर्च्यांवर कॉलनीच्या बाया आणि साहेब, दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणाला टेकून आमची वस्ती. माईक मास्तरांच्या हातात. पोरं एकेक करून येत होती, चार ओळी म्हणून हर हर करत होती आणि टाळ्या घेऊन जात होती.

आमची पाळी आली तेव्हा माणसं आधी गोंधळली, कारण लेकराबरोबर आईबाप तोरणाखाली येत नसतात. बाबांनी पिपा मांडीला लावला. मायनं पदर खोचला, भावानं झाकणं धरली. आणि त्या तिघांनी असा काही दणका उठवला की पुढच्या रांगेतल्या बायांनी कानावर हात ठेवले. एका पोराचा बैल हातातून पडला. मला जागा करून देण्यासाठी बाबांनी ताल बारीक केला आणि मान हलवली. मी तोंड उघडलं.

काही आलं नाही.

बाबांनी पुन्हा दणका दिला, पुन्हा बारीक केला. पुन्हा काही नाही. खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. मग मागून हसले. मायच्या कपाळावर घाम दिसत होता, तिचं उलथणं थांबलं नव्हतं, पण ती आता माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं इथून पळून जावं, बोरीच्या पलीकडे, नाल्याच्या पलीकडे, परत येऊच नये.

तेवढ्यात मास्तर पुढे आले. खाली वाकले, माईक माझ्या तोंडापाशी धरला आणि छान हसून म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. जरा मोठ्यानं. आवाज काढ बघू."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. महिनाही उलटला नव्हता. ज्या पोरीची वाचा त्यांनी सगळ्या वर्गासमोर बंद केली ती ही, एवढं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी त्यांच्यामुळे रात्रंदिवस जळत होते आणि ते आपले पेटी वाजवून, जेवून, सुखानं झोपत होते.  मी दोन्ही हातांनी माईक धरला, त्यांच्या हातासकट.

वरन भात, वरन भात,
मास्तरच्या पेटीत उंदराचा दात.
पोरगी गाते तं कान झाके,
उंदीर गाते तं पुढी वाके.
झेंडा वर, पोरगी मुकी,
सांग मास्तरा, कोनाची चुकी.

कर्णे चारही कोपऱ्यांत लावलेले होते. माझा जाडा, फाटका आवाज कारखान्याच्या भिंतीवर जाऊन परत आला. बाबांनी पिप्यावर कडकड हाणलं. मग कुंपणाकडून हसू फुटलं. आमची वस्ती हसली, पोरं हसली, आणि मग खुर्च्यांवरच्या बायाही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, पुन्हा. मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी पोरांनी शेवटच्या दोन ओळी माझ्याबरोबर म्हटल्या. मास्तरांचा चेहरा आधी हसरा होता, मग कोरा झाला, मग हळूहळू लाल होत गेला. ते सगळं मी अगदी जवळून बघितलं. एवढ्या वर्षांत मी बरंच काही सुंदर बघितलं आहे, त्यात ते अजूनही वरच्या नंबरावर आहे.

रिवाजाप्रमाणे त्यांनी हसून गूळ खायला पाहिजे होता. कुणीतरी ताट पुढेही केलं. पण ते बाहेरगावचे, त्यांना काय माहीत. त्यांनी माईक खाली ठेवला आणि घरी निघून गेले. पुढचे काही दिवस गायनाचा तास सुरू झाला की खिडकीबाहेरून कुणीतरी वरन भात, वरन भात करायचं. माझी "ओ" परत आली. वर्गात मी "हजर" असं म्हणायची की शेजारच्या वर्गातले गुरुजी दचकायचे. इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण पुढच्या रविवारी दुपारी मास्तर आमच्या घरी आले. हातात बिस्किटाचा पुडा. आमची जेवणं झाली होती, पिपा बाबांच्या मांडीवर होता. बाबा गडबडून उठले. शेजारून खुर्ची आणली, ती पुसली. मायनं चुलीवर चहा ठेवला आणि पाहुण्यांचे कप काढले. माझ्या ओळखीचे माझे आईबाप एकदम दुसरेच कुणी झाले.

"भाऊ," मास्तर बाबांना म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. मला तो प्रसंग खरं तर आठवत नाही. शंभर मुलं असतात, बोलण्याच्या ओघात निघून जातं. पण तुमचं मन दुखावलं असेल तर मी माफी मागतो."

बाबा अगदी ओशाळले. "नाई नाई मास्तर, असं नोका म्हणू. झडतीत रागबी नसते अन माफीबी नसते. लेकराईनं म्हटलं, हसलो, झालं. तुमी चहा घ्या."

मास्तरांना हायसं वाटलं. ते ऐसपैस बसले. आमच्या घराकडे बघितलं, टेपकडे बघितलं. मग पिप्यावर बोटं वाजवून म्हणाले, "पण भाऊ, लय मात्र पक्की आहे तुमची. कुठं शिकलात?" आणि माझे बाबा लाजले. या माणसानं कौतुक केलं म्हणून माझ्या बापाचा चेहरा खुलला. ते गायन पार्टीचं सांगायला लागले, मास्तर हूं हूं करत ऐकायला लागले. दोघांची चांगली मैफल जमली. मी दाराशी भावाला कडेवर घेऊन उभी होते. मास्तरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घे बाळ, बिस्कीट घे."

मला काय वाटलं ते आज मी शब्दांत मांडू शकते, तेव्हा नुसतं अंग तापलं होतं. अपमान माझा झाला होता. आवाज माझा गेला होता. आणि माफी मागणारा आणि माफ करणारा, दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलून मोकळे झाले होते. आता चहा प्यायला की ते प्रकरण मिटणार होतं. मला ते मिटायला नको होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी भावाला खाली ठेवलं. बाबांच्या पुढ्यातला पिपा ओढला आणि वाजवायला लागले. ताल-बिल नव्हता. वरन भात, वरन भात, मास्तरच्या पेटीत उंदराचा दात. एवढ्याशा खोलीत, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"बस कर गं," बाबा म्हणाले. "पाहुणे हायेत."

मी थांबले नाही. बाबांनी पिप्याला हात घातला, मी तो पोटाशी धरला आणि म्हणत राहिले. मास्तर अवघडून हसत होते. बाबांचा हात उगारला गेला. माय तेव्हा चहा गाळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या उगारलेल्या हाताकडे बघितलं. गाळणी बाजूला ठेवली. भिंतीला टेकवलेली परात उचलली, उलथणं घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. परातीचा पहिला ठोका पडला तसा बाबांचा हात खाली आला. भावानं झाकणं शोधून आणली. आम्ही झडती म्हटली, संपली की पुन्हा म्हटली. मायचा आवाज माझ्यापेक्षाही जाडा होता.

मास्तर उठले. दाराशी जाऊन त्यांनी बाबांना हात जोडले आणि निघून गेले. बिस्किटाचा पुडा खुर्चीवर राहिला. बाबा तो हातात घेऊन उभे राहिले.

"माफी मांगाले आला होता बिचारा," ते म्हणाले.

"तुमाले मांगतली," माय म्हणाली. "लागलं हिले होतं."

 बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मास्तर पुढं दोन वर्षं त्या शाळेत होते. मला पाहिलं की नजर चुकवायचे, म्हणजे ओळखायला लागले होते. माझ्याकडे त्यांनी माफी कधी मागितली नाही आणि मी ती कधी दिली नाही. आता ते हयात असतील-नसतील. नसतील तरी माझं मत बदललेलं नाही.

त्या दुपारी मास्तर गेल्यावरही माझे हात थांबत नव्हते. ओरडून ओरडून घशातून नुसती घरघर निघत होती. मायनं परात खाली ठेवली, माठातून गडवाभर पाणी आणलं आणि माझ्यासमोर धरलं.

"पानी पे," ती म्हणाली. "घसा बसन तुहा."

मी पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.